गर्द सुटल्यानंतरचे दिवस

व्यसनमुक्तीवर आपल्या महाविद्यालयात दरवर्षी एक पथनाट्य होते. त्यातला मुलगा वाईट संगतीला लागतो, आईचे दागिने विकतो, शेवटी केंद्रात दाखल होतो आणि बरा होऊन घरी येतो. आई त्याला ओवाळते, टाळ्या पडतात व नाटक संपते. राष्ट्रीय सेवा योजनेतील माझ्या मित्रांच्या कष्टांविषयी मला आदर आहे, परंतु हे नाटक जेथे संपते तेथपासून पुढचा भाग कोणी दाखवीत नाही, ही माझी तक्रार आहे. हेरॉइन अंगातून उतरविणे हे काही दिवसांचे काम आहे. उतरल्यावर वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे त्याच्यापासून दूर राहणे हे काम निराळे आहे, आणि त्याविषयी आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते. मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय घेतला. घेण्यामागे घरगुती कारण आहे. ते ओघाने येईलच.

हेरॉइन म्हणजे अफूतील मॉर्फिनवर प्रक्रिया करून बनविलेले द्रव्य. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने ते खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले होते, हे वाचून आज नवल वाटते. आपल्याकडे त्याचा अशुद्ध, तपकिरी प्रकार मिळतो. त्याला ब्राऊन शुगर म्हणतात, वस्तीच्या भाषेत गर्द. मुंबईत गर्दचा सुळसुळाट झाला तो १९८० नंतरच्या काही वर्षांत. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’ या पुस्तकामुळे तो काळ मराठी वाचकांना ठाऊक आहे. हा काळ मागे पडला असे मात्र नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात हेरॉइन घेणाऱ्यांचे प्रमाण १.१४ टक्के होते. अफू घेणाऱ्यांच्या दुपटीहून ते अधिक भरते.

शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत नाक-डोळे गळू लागतात. जांभया, हाडांचा ठणका, पोटात मुरडा, जुलाब, झोपेचे नाव नाही. यालाच टर्की म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती कळसाला पोचते आणि आठ-दहा दिवसांत ओसरते. घरच्यांना हाच आजार वाटतो, आणि टर्की उतरली म्हणजे माणूस बरा झाला असा समज होतो. या समजामुळे फार नुकसान झालेले आहे.

अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये सरकारने व्यसनी माणसांसाठी एक प्रचंड संस्था उघडली. मोकळी हवा, शेती, गाईगुरे, कारखाने, डॉक्टर, सगळे काही तेथे होते. माणसे महिनोन् महिने राहत, वजन वाढे, चेहरा तजेलदार होई. मग ती न्यूयॉर्कला आपल्या गल्लीत परतत. पुढे त्यांचा माग काढला तेव्हा दहांतील नऊ जण पुन्हा हेरॉइनकडे वळलेले आढळले, आणि तेही बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. उपचारात कमतरता नव्हती असे मी म्हणणार नाही. पण ज्या ठिकाणी उपचार झाला ते ठिकाण आणि ज्या ठिकाणी जगावयाचे ते ठिकाण यांचा एकमेकांशी काही संबंधच नव्हता, हे उघड आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण व्हिएतनामच्या युद्धातले आहे. तेथे अमेरिकन सैनिकांना स्वस्त आणि अतिशय शुद्ध हेरॉइन सहज मिळे. घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते ओढत. १९७१ मध्ये ही गोष्ट उघडकीस येताच अमेरिकेत घबराट उडाली, की आता हजारो गर्दुल्ले हातात बंदूक चालविण्याचे शिक्षण घेऊन घरी येणार! मायदेशी निघण्यापूर्वी प्रत्येकाची लघवी तपासण्याचा हुकूम सुटला. ज्यांच्या लघवीत अंश सापडला त्यांना थांबवून घेऊन टर्की उतरविली व मग पाठविले. ली रॉबिन्स या संशोधिकेने सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांपैकी सुमारे ९०० जणांना पुढच्या वर्षी गाठून मुलाखती घेतल्या. व्हिएतनाममध्ये पाचांतील एक जण व्यसनाधीन झाला होता. या व्यसनाधीनांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले शेकडा ५ होते, आणि तीन वर्षांत शेकडा १२. त्या वेळच्या तज्ज्ञांनाही हे आकडे खरे वाटले नव्हते.

मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी नोंद. या व्यसनाधीन सैनिकांपैकी जवळजवळ निम्म्यांनी घरी आल्यावर एकदा तरी हेरॉइन घेतले होते, तरीही आठांतील सातजण पुन्हा त्याच्या कह्यात गेले नाहीत. ‘एकदा घेतली की संपले’ हे आपले वाक्य म्हणजे निसर्गनियम नव्हे, एवढे यावरून दिसते.

या अभ्यासाचा दाखला देऊन ‘जागा बदला, व्यसन जाते’ असे सांगणारे पुष्कळ आहेत. मला हा अर्थ घाईचा वाटतो. ते सैनिक तरुण होते, बहुतेकांना युद्धापूर्वी हे व्यसन नव्हते, आणि ते जेथे परतले तेथे कोणी त्यांना व्यसनी म्हणून ओळखत नव्हते. त्यांचे व्यसन परदेशात राहिले व ते घरी आले. आपल्या वस्तीतल्या मुलाचे घर आणि व्यसन एकाच गल्लीत असते. तो उपचाराला परगावी जातो आणि व्यसनाच्या गावी परत येतो. लेक्सिंग्टनचे आणि त्याचे साम्य आहे, व्हिएतनामचे नाही.

हे असे का होते याचे उत्तर प्रथम वर्षाच्या पुस्तकात आहे. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटे, तो धडा आपण सर्वांनी पाठ केला आहे. लेक्सिंग्टनचे डॉक्टर अब्राहम विक्लर यांच्या लक्षात आले, की कित्येक महिने हेरॉइनला न शिवलेली माणसे गटात बसून त्याविषयी बोलू लागली की त्यांना जांभया येतात, नाक गळू लागते. टर्कीचीच लक्षणे! गल्ली, मित्र, आगपेटीचा वास या साऱ्यांचे शरीराशी अभिसंधान झालेले असते. विक्लर यांनी हे १९४० च्या दशकात मांडले, आणि आजही या विषयातला तो पाया मानला जातो.

परीक्षेत मी या प्रश्नाला पाच गुणांचे उत्तर लिहिले असते. पण मी ते घरात पाहिले आहे. माझा आतेभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, सहा वर्षे गर्द घेत होता. मी हे लिहावे याला त्याची संमती आहे. नाव तेवढे घालू नकोस म्हणाला. पहिल्यांदा तो एका केंद्रात महिनाभर राहिला. तेथून त्याला आमच्या गावी, पाटण तालुक्यात, चुलत्यांकडे ठेवले. ऐन पेरणीचे दिवस होते. तीन महिने तो शेतात राबला. गर्दची आठवणही येत नाही असे फोनवर सांगे, आणि ते खोटे नव्हते. मग आत्याने त्याला मुंबईस आणले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण चॉकलेटच्या आतला चंदेरी कागद नखाने सपाट करीत बसली होती. दादा बोलता बोलता गप्प झाला. त्याला लागोपाठ जांभया येऊ लागल्या, डोळ्यांतून पाणी आले. आत्याने सर्दी समजून आल्याचा चहा केला. ती पन्नी कशासाठी वापरतात हे आमच्या घरात त्याच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हते.

आठवडाभरात त्याने पुन्हा घेतली, आणि पूर्वी घेत असे तेवढीच घेतली. सार्वजनिक शौचालयात तो निळा पडलेला सापडला. रुग्णालयात नॅलोक्सोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले म्हणून वाचला.

येथे जी गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती ती मी ठळकपणे सांगतो. हेरॉइन रोज घेणाऱ्याच्या शरीरात ते सोसण्याची ताकद वाढत जाते. काही आठवडे बंद ठेवले की ती ताकद ओसरते. केंद्रातून वा तुरुंगातून सुटलेला माणूस जुन्या सवयीने जुनी मात्रा घेतो आणि श्वास थांबून मरतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर नागरिकांच्या १२९ पट निघाला. जागेचाही यात हात असतो. शेपर्ड सिगल व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये उंदरांना हेरॉइनची सवय लावून मग सर्वांना एकच मोठी मात्रा दिली. नेहमीच्या खोलीत ती मिळालेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मेले, अनोळखी खोलीत मिळालेल्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश. तेव्हा उपचारानंतर दूर राहण्याच्या गोष्टी आपण कितीही केल्या तरी पहिली गरज आहे ती माणूस जिवंत राहण्याची. केंद्रातून घरी पाठविताना हा इशारा माणसाला आणि त्याच्या घरच्यांना, दोघांनाही, साध्या भाषेत दिला गेला पाहिजे.

दुसऱ्या वेळी एका सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी दादाला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केली. ती जिभेखाली ठेवावयाची असते. मेंदूत हेरॉइन ज्या जागी जाऊन बसते त्याच जागी ही गोळी बसते, पण तिचा परिणाम एका मर्यादेपुढे चढत नाही आणि दिवसभर टिकतो. टर्की येत नाही, ओढ मंदावते, आणि वरून कोणी गर्द घेतलीच तर तिला बसावयास जागा फारशी उरत नाही. हिच्या आधी १९६० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी मेथॅडोन या औषधाने हाच मार्ग दाखविला होता.

या गोळीवरून आमच्या घरात मोठा वाद झाला. माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी कामगार आहेत. ते मोजके बोलतात. ते म्हणाले, ‘गोळीवरच राहायचे तर सुटले काय?’ वर्गात मी हा प्रकल्प वाचला तेव्हाही हाच प्रश्न आला, आणि तो विचारणारे काही विद्यार्थीच नव्हते. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देतो. स्टॉकहोममध्ये ४० हेरॉइनग्रस्तांचे दोन गट केले. समुपदेशन दोन्ही गटांना सारखेच दिले. एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन दिले; दुसऱ्याला सहा दिवसांत कमी करीत आणून पुढे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली. वर्षअखेरीस पहिल्या गटातील २० पैकी १५ उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटात एकही टिकला नाही, आणि २० पैकी चौघे मरण पावले. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मी वडिलांना हे आकडे सांगितले. ते पटले की नाही कळले नाही, पण तेव्हापासून गोळीची वेळ झाली की आत्याला फोन तेच करतात.

नशा आणि औषध यांतला फरक मी असा समजतो. नशेसाठी माणसाचा सारा दिवस पुडीभोवती फिरतो: पैसे मिळवा, माल शोधा, घ्या, उतरण्याआधी पुन्हा पैसे मिळवा. गोळी दिवसातली दहा मिनिटे घेते व बाकीचा दिवस मोकळा सोडते. या गोळीचाही गैरवापर होतो, लोक ती विरघळवून टोचतात, हे खरे आहे. म्हणूनच आपल्याकडे ती देखरेखीखाली देण्याची पद्धत आहे. सुयांवाटे एड्सचा प्रसार होऊ नये यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांतून इंजेक्शनने नशा करणाऱ्यांना ती विनामूल्य मिळते. नाल्ट्रेक्झोन नावाचे आणखी एक औषध आहे. ते हेरॉइनची जागा अडवून धरते पण स्वतः काहीच करीत नाही. टर्की पूर्ण उतरल्यावरच ते घेता येते. त्याची अडचण एकच, की लोक ते घेणे सोडून देतात. घरातले कोणी रोज समोर बसून देत असेल तर उपयोग होतो.

आता औषधाने मोकळ्या झालेल्या दिवसाचे काय करावयाचे? जॉर्ज व्हेलंट यांनी १९५२ च्या सुमारास लेक्सिंग्टनला आलेल्या न्यूयॉर्कच्या १०० माणसांचा माग तब्बल २० वर्षे ठेवला. जवळजवळ पावभाग माणसे मेली होती. पण एकतृतीयांशाहून अधिक माणसे पक्की सुटली होती! हेच ते लेक्सिंग्टन, जेथून दहांतील नऊ परत व्यसनात गेले. सुटलेल्यांचे आयुष्य पाहता त्यांना काही विशिष्ट गोष्टी लाभल्या होत्या असे व्हेलंट यांना दिसले. कोणावर सुटकेनंतर दीर्घकाळ सक्तीची देखरेख होती, कोणाला व्यसनाच्या जागी दुसरे काही मन गुंतविणारे सापडले होते, कोणाला नवे नाते, तर कोणाला एखाद्या गटाचा आधार मिळाला होता. यांतली एकही गोष्ट रुग्णालयाच्या आत घडणारी नाही.

पुण्याच्या मुक्तांगणाने हे ओळखले होते असे मला वाटते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या साहाय्याने १९८६ मध्ये ही संस्था येरवड्याला सुरू केली. निवासी उपचाराच्या ३५ दिवसांनंतर माणसाने पाठपुराव्याला येत राहावे यावर तेथे भर असतो. बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट आहे. ज्याने स्वतः व्यसन सोडले आहे तोच पुढे इतरांना मदत करणारा कार्यकर्ता होतो. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या सभा आता आपल्या शहरांतही भरतात. दादा एकदा मला खुल्या सभेला घेऊन गेला होता. व्याख्यान नाही, उपदेश नाही. एकेक जण उठून आपले सांगतो, बाकीचे ऐकतात. माझ्या मते तेथे मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे फोन नंबर. रात्री अकराला ओढ लागली तर उचलणारा कोणीतरी असतो, आणि तो ‘पुन्हा सुरू केलीस का?’ असे विचारीत नाही.

हा प्रश्न घरात मात्र दिवसातून दहा वेळा विचारला जातो. उशीर झाला, डोळे लाल दिसले, शौचालयात वेळ लागला, की संशय. आत्या त्याचे खिसे तपाशी. तिची चूक म्हणवत नाही. सहा वर्षांत घरातले काय काय गेले हे तिला तोंडपाठ होते. पण माणूस जर काहीही न करता चोर ठरणार असेल तर त्याला न करण्याचा फायदा काय? डॉक्टरांनी एक तोडगा काढला. खिसे तपासावयाचे नाहीत, मात्र ठरलेल्या दिवशी लघवीची तपासणी करावयाची व अहवाल सर्वांनी पाहावयाचा. कागद बोलू लागल्यावर भांडणे कमी झाली. मधे एकदा अहवाल वाईटही आला. अॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने दाखविले आहे, की एकदा पाय घसरला म्हणजे ‘आता सगळेच गेले’ या शरमेपोटी माणूस पुढचे सारे घेत सुटतो. घसरण्यापेक्षा ही शरम अधिक घात करते. त्या वेळी आत्या रडली, पण तिने त्याला घराबाहेर काढले नाही, आणि तो दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेला. व्हिएतनामच्या सैनिकांची नोंद मी तेव्हा तिला वाचून दाखविली होती. आठांतील सात, हे तिने लक्षात ठेवले आहे.

राहिला कामाचा प्रश्न. बाल्टिमोर शहरात केनेथ सिल्व्हरमन यांनी एक प्रयोग केला. कामावर येताना लघवीचा नमुना द्यावयाचा. तो स्वच्छ निघाला तर त्या दिवसाचे काम व मजुरी मिळावयाची. अशी योजना असेपर्यंत माणसे पुष्कळ अंशी दूर राहिली, मजुरी थांबल्यावर परिणाम ओसरला. काहीजण याला प्रयोगाचे अपयश म्हणतील. मला त्यात एवढेच दिसते, की रोजगार हा औषधासारखाच चालू राहावा लागतो. आमच्या वस्तीत गर्दुल्ला हा शब्द एकदा चिकटला की कामच मिळत नाही. सोडून पाच वर्षे झालेल्याला वेगळा शब्द मराठीत मला तरी ऐकू आलेला नाही.

दादाला वडिलांच्या ओळखीने एका गोदामात काम मिळाले. मालकाला काही सांगितलेले नाही. गोळी मिळण्याची वेळ सकाळी नऊ ते एक, आणि गोदामाची पाळी सकाळी सातला सुरू होणारी. दोन महिने तो ‘आई आजारी आहे’ सांगून उशिरा जात राहिला. मग हजेरी कापली जाऊ लागली तेव्हा त्याने दुपारची पाळी मागून घेतली. तीत हमालीचे पैसे कमी सुटतात, कारण गाड्या सकाळी जास्त लागतात. या महिन्यात त्याला चौदा महिने झाले. आता डॉक्टर आठवड्याच्या गोळ्या एकदम आत्याच्या हाती देतात, तेव्हा सकाळची पाळी पुन्हा मिळते का हे तो मुकादमाला विचारणार आहे.